परतीचं तिकीट आणि गुन्ह्याची कबुली



दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा बचाव करायचाच कशाला, असा प्रश्न आजचा विषय वाचून तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. दादर-परळ-लालबागमध्ये राहणाऱ्याला तो पडायलाच हवा. इथे रात्री पदपथावर माणसं झोपतात. गणपतीच्या दिवसांत लेकुरवाळ्या बायका पहाटेपर्यंत रांगेत उभ्या असतात. तिथे एखादी गाडी घुसली तर पुढे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मी भोईवाडा आणि किल्ला कोर्टात फौजदारी कामं करते. पिऊन गाडी चालवणं हा गंभीर गुन्हा आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की गुन्हा शाबीत व्हायचा तो पुराव्याने. परगावाहून आलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र तो फार वेळा परतीच्या तिकिटाने शाबीत होतो.

मुंबईत या गुन्ह्याविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली ती 2007 मध्ये. तेव्हापासून शनिवारी रात्रीची नाकाबंदी हा शहराचा शिरस्ता झाला. त्यात आपल्या गल्लीतला माणूस सापडला, तर तासाभरात भाऊ येतो, ओळखीचा वकील येतो, जामीनदार उभा राहतो. साताऱ्याचा, नाशिकचा किंवा सुरतेचा माणूस सापडला, तर त्याच्याजवळ असतो मोबाईल आणि लॉजची चावी. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 दोघांना एकच आहे, पण दोघांची परिस्थिती एक नाही.

हे कलम काय म्हणतं? चालकाच्या 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा एवढ्या वाढल्या. हा गुन्हा रस्त्यावर चलान भरून मिटत नाही. कोर्टाची पायरी चढावीच लागते.

तीस मिलिग्रॅम म्हणजे किती? सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी साठ मिलीचा एक पेग घेतला, तर ढोबळ हिशेबाने आकडा चाळिसाच्या आसपास जातो. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ही मर्यादा 80 आहे. न्यू जर्सीहून भाचीच्या लग्नाला दादरला आलेला मामा तिकडच्या सवयीने ‘दोन घेतल्या तर काय होतंय’ म्हणतो आणि स्टिअरिंगवर बसतो. तिकडे कदाचित चाललं असतं. इथे चालत नाही, आणि ‘मला ठाऊक नव्हतं’ हा बचाव होत नाही.

मग बचाव कशाचा होतो? यंत्राचा, वेळेचा आणि रीतीचा. श्वासाच्या यंत्रातून छापील पावती निघते. तिच्यावर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा असतो. ती पावती डोळे उघडे ठेवून वाचायची. यंत्र रक्त मोजत नाही, श्वास मोजतं. श्वासातल्या प्रमाणाला साधारण 2100 ने गुणून रक्ताचा अंदाज बांधलेला असतो. म्हणून यंत्र शेवटचं कधी तपासून प्रमाणित केलं, हा प्रश्न क्षुल्लक नाही. खोकल्याचं औषध किंवा माउथवॉश घेतल्यावर लगेच फुंकलं, तर तोंडातलंच अल्कोहोल मोजलं जातं. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकलं की फरक दिसतो. तशी खरीच परिस्थिती असेल, तर तिथल्या तिथे शांतपणे सांगावं आणि पुन्हा चाचणी मागावी. फुंकायला नकार देऊ नये. नकार दिला की अटकेचा अधिकार मिळतो आणि कलम 205 प्रमाणे तो नकार तुमच्याविरुद्धच धरला जातो.

या गुन्ह्यात अटक झाली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे. नाही झाली, तर माणसाला सोडून द्यावं लागतं. हे कलम 202 मध्येच लिहिलेलं आहे. अटकेची वेळ आणि डॉक्टरांच्या कागदावरची वेळ या दोन आकड्यांकडे मी सगळ्यात आधी पाहते. रक्त काढण्याचीही रीत ठरलेली आहे. दारूबंदी कायद्याखालचे 1959 चे नियम त्याबाबत फार बारकाईने लिहिलेले आहेत. सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, बाटलीत रक्त टिकवणारं द्रव्य हवं, बाटलीला मोहोर आणि चिठ्ठी हवी. 2002 च्या वांद्र्यातल्या अपघाताचा खटला सगळ्यांना आठवत असेल. आरोपी नामवंत अभिनेता होता. रक्त जे. जे. रुग्णालयात घेतलं गेलं आणि तपासणीला कलिन्याच्या प्रयोगशाळेत गेलं. डिसेंबर 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली, तेव्हा त्या नमुन्याच्या प्रवासाबद्दलही शंका घेतल्या होत्या. अनेकांना त्या निकालाचा राग आला. पण तोच बारकावा कोल्हापूरच्या ट्रकचालकालाही मिळायला हवा, असं मी म्हणते. नियम श्रीमंताच्या वकिलालाच वाचता येतात, अशी परिस्थिती राहता कामा नये.

या शहराने असा बचाव फार पूर्वी पाहिला आहे. 29 मे 1951 च्या रात्री साडेनऊच्या सुमारास कुलाब्याला खुसरो बागेजवळ एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम खुर्शेद पेसिकाका, खुद्द मुंबई विभागाचे प्रादेशिक परिवहन अधिकारी. तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती. तोंडाला वास होता, पण डॉक्टरांना ते सरळ रेषेत चालताना आणि नीट बोलताना दिसले. पेसिकाकांचं म्हणणं होतं, की त्यांनी बी. जी. फॉस नावाचं अल्कोहोल असलेलं टॉनिक घेतलं होतं. आणि योग असा, की अपघाताच्या चारच दिवस आधी, 25 मे रोजी, बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्यातला औषधी द्रव्यांपुरता भाग रद्द ठरवला होता. दंडाधिकाऱ्यांनी पेसिकाकांना सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. घेतलेलं द्रव्य बंदीतलंच होतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असं बहुमताने ठरलं. पुढे 1959 मध्ये कायदा बदलला. रक्तात 0.05 टक्के, म्हणजे 100 मिलीलिटरला 50 मिलिग्रॅम, किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं तर ते औषधाचं होतं हे आरोपीने दाखवायचं, असं कलम 66(2) आलं. मला या खटल्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की माणूस अधिकारी होता, मुंबईतला होता, म्हणून तीन कोर्टं चढू शकला. पुण्याहून एका दिवसासाठी आलेला कारकून पहिल्याच कोर्टात थकला असता.

माझ्याकडे आलेल्या एका कोल्हापूरच्या माणसाचं सांगते. गिरगावात भाच्याचं लग्न, रात्री मेहुण्याची गाडी चालवत निघाला आणि नाकाबंदीत सापडला. पावतीवरचा आकडा तिसाच्या जेमतेम वर. कोर्टाच्या दारातच कुणीतरी सल्ला दिला, ‘साहेब, कबूल करा, दंड भरा, रात्रीची महालक्ष्मी पकडा.’ पुकारा झाला, दंडाधिकाऱ्यांनी विचारलं, हा ‘हो’ म्हणाला. यंत्राबद्दल, वेळेबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. पुढे मुलीकडे परदेशी जायचं ठरलं. व्हिसाच्या अर्जात रकाना होता, कधी शिक्षा झाली आहे का? तेव्हा तो ती पावती घेऊन माझ्याकडे आला. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील करता येतं ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर का, एवढ्यापुरतंच. दोष होता की नव्हता, हा प्रश्न कबुलीबरोबर संपलेला असतो. तो खरोखर दोषी होता का, ते मला आजही सांगता येणार नाही. कारण ते कधी तपासलंच गेलं नाही.

त्याला दुसरे रस्ते होते, आणि ते जुने आहेत. कलम 185 चा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन मागणं ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. अडचण येते ती ‘स्थानिक जामीनदार आणा’ या वाक्याची. मोतीराम नावाच्या एका गवंड्याचा खटला 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, पण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून खालच्या कोर्टाने तो जामीनदार नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिलं. दक्षिणेतला माणूस उत्तरेत पकडला गेला, तर त्याने जामीनदार कुठून आणायचा, हा त्यांचा सवाल होता. दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून जामीनदार नाकारता येत नाही. माणूस निर्धन असेल, तर जातमुचलक्यावर सोडलं पाहिजे. आज ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 478 मध्ये आहे. कोर्टात उभं राहून ‘मोतीराम’ म्हणायला वकील मात्र लागतो.

मग तारखा. प्रत्येक तारखेला कोल्हापूरहून कोण येणार? 2001 च्या भास्कर इंडस्ट्रीजच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की आरोपी फार लांब राहत असेल तर दंडाधिकारी त्याला हजेरीतून सूट देऊ शकतात, अगदी पहिल्या तारखेपासून. मी कोण आहे हा वाद घालणार नाही, माझा वकील हजर राहील आणि माझ्या गैरहजेरीत झालेल्या साक्षीला हरकत घेणार नाही, अशी लेखी हमी द्यावी लागते. तो अधिकार आज संहितेच्या कलम 228 मध्ये आहे. दोन पानांचा अर्ज असतो.

अटक झाली असेल, तर घरच्यांना कळवणं हे पोलिसांचं काम आहे. डी. के. बसू खटल्याच्या निर्देशांत तर आरोपीचा नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर आठ ते बारा तासांत तिथल्या पोलिसांमार्फत कळवावं, असं स्पष्ट आहे. परप्रांतीयाला अटकेची कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत, लेखी द्यायला हवीत. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. तो निकाल आपल्या वरळीच्या 2024 मधल्या गाडीच्या अपघातातूनच निघाला. त्या अपघातात वरळी कोळीवाड्यातली एक बाई मरण पावली होती, हे मी विसरलेले नाही, तुम्हीही विसरू नका. आणि कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. त्यासाठीचा क्रमांक 15100.

परवान्याचं वेगळं. 2019 पासून पोलिसांनी परवाना जप्त करून परवाना देणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. पोचपावती मिळते, पण ती दाखवून गाडी चालवता येत नाही. म्हणून परत जाताना चालवायला दुसरा माणूस हवा. कलम 19 खाली परवाना रद्द करण्यापूर्वी तुमचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे, आणि निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं. कोर्टात जिंकून परवान्याच्या नोटिशीला उत्तरच न दिलेले लोक मी पाहिले आहेत.

आता उलट दिशेने पाहू. आपण मुंबईकरही परगावी जातो. 1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा 1960 मध्ये राज्यं वेगळी झाल्यावर गुजरातेतही राहिला, आणि तिथे तो कडकपणे चालतो. दमणला पिऊन वापीच्या दिशेने गाडी हाकणाऱ्यावर मोटार कायद्याचा गुन्हा तर लागतोच, शिवाय मद्यप्राशनाचाही लागू शकतो. तिथे आपण परके असतो, तेव्हा मोतीराम आठवतो. गाडी भाड्याची असेल, तर विम्याचीही चौकशी करा. 2021 मध्ये इफ्को टोकियोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की रक्ताचा किंवा श्वासाचा आकडा नसला तरी इतर परिस्थितीवरून चालक दारूच्या अमलाखाली होता असं दिसलं, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. म्हणजे फौजदारी खटल्यातून सुटलात, तरी गाडीची भरपाई खिशातून द्यावी लागू शकते.

माझी मागणी साधी आहे. कलम 185 चं जे समन्स माणसाच्या हातात पडतं, त्याच्या पाठीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चार ओळी छापाव्यात: हा गुन्हा जामीनपात्र आहे, वकिलामार्फत हजर राहण्याचा अर्ज कलम 228 खाली करता येतो, मोफत वकिलासाठी 15100, आणि कबुलीनंतर दोषाविरुद्ध अपील राहत नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, छापखान्याला नवा मजकूर द्यावा लागतो. आणि शनिवारच्या नाकाबंदीनंतर सोमवारी सकाळी भोईवाडा, गिरगाव आणि किल्ला कोर्टात विधी सेवेचा एक वकील पुकाऱ्याच्या आधी दोन तास व्हरांड्यात बसवावा. बॅगा घेऊन उभे असलेले लोक त्याला ओळखू येतीलच.