कथलाचा मासा

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बाप्पाच्या मांडवात मासेमारीवर बोलायचे म्हणजे धाडसच! आपल्यापैकी बहुतेकांचे सध्या मासे बंद आहेत. म्हणून मी आज माशाबद्दल बोलणार नाही, फक्त त्याच्या आमिषाबद्दल बोलणार आहे.

गळ टाकून मासे धरण्याला आमच्या कोकणात ‘गरवणे’ म्हणतात. कोचीत आल्यावर हा नाद सुटेल असे घरच्यांना वाटले होते. पण वेंबनाडच्या पाण्यात ज्याला ‘काळांजी’ म्हणतात तो आपला पेण-अलिबागचा जिताडाच निघाला! मग नाद सुटतो कसला?

जिताडा जिवंत, हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. त्याला फसवायला जे खोटे आमिष वापरतात त्यातला एक प्रकार म्हणजे जिग. गळाच्या मानेवर धातूचे वाटाण्याएवढे किंवा बोराएवढे डोके ओतलेले, त्याला रंग दिलेला आणि मागे केसांचा किंवा पिसांचा झुपका बांधलेला. गरीला हलका झटका दिला की जिग तळावरून उडी मारतो, सैल सोडली की खाली बसतो. घाबरलेला लहान मासा किंवा कोळंबी असेच करते.

दुकानातला जिग महाग, आणि खडकात किंवा बुडालेल्या फांदीत अडकून तुटायचा हे ठरलेले. म्हणून जगभरचे हौशी लोक तो घरी करतात. कृती सोपी आहे. दोन पाळ्यांच्या ॲल्युमिनियमच्या साच्यात गळ ठेवायचा आणि वितळलेला धातू ओतायचा. साचा आधी तापवून कोरडा केलेला हवा. इथल्या पावसात हे विसरून चालत नाही, कारण पाण्याचा एक थेंब वितळलेल्या धातूखाली सापडला की वाफ होऊन धातू अंगावर उडतो.

मग रंग. पावडर पेंट असेल तर डोके तापवून पावडरीत क्षणभर बुडवायचे. पावडर तिथेच वितळून चकचकीत होते. गरम आहे तोवर गळाचे भोक सुईने मोकळे करायचे आणि जुन्या ओव्हनमध्ये सुमारे 175 अंशांवर पंधरावीस मिनिटे पक्के करायचे. हा ओव्हन स्वयंपाकाचा नको. पावडर नसेल तर पांढऱ्या अस्तरावर नेलपॉलिशही चालते. ते कुणाचे वापरायचे हे ज्याचे त्याने ठरवावे!

शेवटी डोळा. मोठ्या खिळ्याचे डोके पिवळ्या रंगात बुडवून एक ठिपका, तो वाळला की लहान खिळ्याने काळे बुबुळ. पेणच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात जाणत्या हाताकडे असते. ते काम पाहिलेल्या माणसाला खिळा हातात धरताना जरा लाजच वाटते. पण डोळा उमटला की धातूचा गोळा मासा होतो, हे मात्र खरे.

आता बांधणी. गळ लहान शेगड्यात धरायचा. डोक्यामागे दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे आणि केसांचे छोटे छोटे पुंजके एकेक करून सभोवार बांधायचे. एकदम मोठा झुपका बांधला की तो घसरतो आणि पाण्यात फुलत नाही. शेवटी दोऱ्याचे टोक त्याच्याच वेढ्यांखालून ओढून घ्यायचे आणि वर वॉर्निश. अमेरिकेत यासाठी हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातल्या हरणाच्या केसाला हात लावायचा नाही. बोकडाचे केस आणि कोंबड्याच्या मानेची पिसे उत्तम काम देतात.

इथपर्यंत सगळी गंमत. आता माझी चूक सांगतो.

पहिली दोन वर्षे मी शिसे वापरले. ते स्वस्त, जड आणि 327 अंशांना वितळणारे. एका जुन्या कढल्यात, स्वयंपाकघरातल्या गॅसवर वितळवत असे. सात वर्षांची मुलगी शेजारी बसून थंड झालेले जिग मोजायची, कानसलेला चुरा बोटाने गोळा करायची. एक डॉक्टर मित्र घरी आला होता. त्याने पाहिले आणि एवढेच विचारले, “याच हातांनी पोरीला भात कालवून देतोस ना?”

शिशाची भीती नुसत्या धुराची नाही. राखट मळी, चुरा, हाताला लागलेला काळसरपणा हे सगळे पोटात जाते, आणि मुलांचे शरीर ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषते. शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालात, रक्तात शिशाचे प्रमाण जास्त असलेली भारतातली मुले सुमारे 27 कोटी असल्याचा अंदाज दिला आहे. तिची तपासणी केली. अहवाल येईपर्यंतचे चार दिवस मी आणि सौ. जेवणाच्या टेबलावर एकमेकांकडे बघत नव्हतो. अहवाल ठीक आला. कढले मात्र त्याआधीच घराबाहेर गेले होते.

मग वाचत गेलो. तुटलेला जिग तळाशी राहतो. अमेरिकेतला लून नावाचा पाणपक्षी पचनासाठी तळाचे खडे गिळतो आणि अडकलेला जिग असलेला मासाही गिळतो; एक लहानसा शिशाचा जिग त्याचा जीव घ्यायला पुरतो. न्यू हॅम्पशायर राज्यात 28 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या जिगवर 2016 पासून बंदी आहे. ब्रिटनने हंसांसाठी गळाची शिशाची लहान वजने 1987 सालीच बंद केली आणि हंस पुन्हा वाढले.

मी आधी बिस्मथ आणि कथलाचे मिश्रण आणले. ते 138 अंशांनाच वितळते. ओतायला फार सोयीचे! पण रंग पक्का करायला ओव्हनमध्ये ठेवले आणि उघडून पाहतो तर बारा जिगांचा एक रंगीत पापड! तेव्हा कळले, या मिश्रणाला नेलपॉलिशच बरे. शेवटी शुद्ध कथलावर आलो. ते 232 अंशांना वितळते, त्यामुळे पावडर पेंट सोसते. आपल्या आज्यांच्या पितळी भांड्यांना कल्हई असायची ती याच कथलाची, म्हणजे त्याची घराशी ओळख जुनी. तोटेही आहेत. ते महाग पडते, आणि ज्या साच्यात शिशाचा दहा ग्रॅमचा जिग होतो त्यात कथलाचा साडेसहाच्याही आत भरतो. ओहोटीच्या ओढीत तळ गाठायला मोठा साचा लागतो. जिताड्याने मात्र अजून तक्रार केलेली नाही.

मित्रहो, मूर्तीच्या माती-रंगांबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये सूचना दिल्या, तेव्हा आपल्याच मांडवात वाद झाले होते. त्या वादात मीही होतो, मातीच्या बाजूने! आणि त्याच सुमारास माझ्या पेटीत शिसे होते. हाताने केलेली, जीव लावून रंगवलेली वस्तू पाण्यात जाते तेव्हा ती आपल्यापुरती संपते. पाण्यापुरती संपत नाही. एवढेच मला सांगायचे होते.

विसर्जनानंतर कुणाला जिग बांधायला शिकायचे असेल त्याने रविवारी घरी यावे. मुलांना जरूर आणावे. कथील ओतताना त्यांना लांब बसवू, पण डोळे तीच काढतील. आमच्या घरी आता तेच खाते मुलीकडे आहे.

गणपती बाप्पा मोरया!