दोर ओढतो, थांबवत नाही : नवीन मंडळांसाठी ट्रॉलीच्या ब्रेकबद्दल थोडंसं

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय विषय झाला? पण लालबाग, परळ, गिरगाव, दादरमधल्या ज्या मंडळांनी यंदा भाड्याची ट्रॉली सोडून स्वतःची बनवायला घेतली आहे, त्यांच्यासाठी हा भाग आहे. मी बीटेक मेकॅनिकल, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि भाद्रपदात मंडळाच्या ट्रॉलीखाली असतो. त्यामुळे हे थोडं पुस्तकातलं आणि बरंचसं रस्त्यावरचं आहे.

नवीन ट्रॉलीची चर्चा कशी होते बघा. उंची किती, लायटिंग कुठून, पुढचं मखर कसं, वर किती माणसं उभी राहतील. ब्रेकचं नाव शेवटी निघतं आणि उत्तर ठरलेलं असतं: "अरे, आपली पोरं आहेत ना धरायला!"

तर आधी हेच समजून घेऊ, की पोरं काय धरू शकतात.

दोराला एकच काम येतं, ओढण्याचं. दोराने ढकलता येत नाही. म्हणजे पुढच्या दोराला शंभर माणसं असली तरी ती ट्रॉली चालवू शकतात, थांबवू शकत नाहीत. ती थांबली की दोर सैल पडतो आणि ट्रॉली तिच्या वेगाने पुढे येत राहते. पुढे कोण असतं? तीच शंभर माणसं, ट्रॉलीकडे पाठ करून. सगळा धोका या एका वाक्यात आहे.

आता आकडे. समजा ट्रॉली, मूर्ती, सजावट आणि वर चढलेली मंडळी मिळून ५ टन. सपाट डांबरी रस्त्यावर टायर आणि बेअरिंग नीट असतील तर हे चालतं ठेवायला साधारण १०० किलोची ओढ पुरते. म्हणून वाटतं, हलकी आहे. आता पुलाचा उतार घ्या, ३० मीटरला १ मीटर. एवढा उतार डोळ्याला धड दिसतही नाही. पण ५ टनाचा तिसावा भाग म्हणजे जवळजवळ १६५ किलो, एवढी ओढ तो उतार स्वतःच देतो. चाकांचं घर्षण वजा केलं तरी ६०-७० किलोची ओढ शिल्लक राहते, आणि ती कोणाच्याच हातात नसते. चालण्याच्या वेगाने निघालेली ट्रॉली दहा सेकंदांत ताशी आठ किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे पुढच्यांना पळावं लागतं. दोर हातात, चपला घसरतायत, शेजारी ढोल चालू.

आणि थांबवायचं गणित तर आणखी वाईट. चालण्याच्या वेगात असताना त्या उतारावर दोन मीटरमध्ये थांबवायला सुमारे २०० किलोचा रोध लागतो. दहा सेकंद उशीर केला तर तोच आकडा ८०० किलोच्या आसपास जातो. म्हणून ब्रेक उतार सुरू व्हायच्या आधी थोडा लावून ठेवायचा असतो, वेग वाढल्यावर नाही.

मग ब्रेक कोणता? इथे बोटवाल्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. परदेशात लोक गाडीमागे ट्रेलर जोडून त्यावर बोट घेऊन किनाऱ्यावर जातात. त्यांच्यात सर्ज ब्रेक नावाचा प्रकार फार चालतो. पुढची गाडी थांबली की मागचा ट्रेलर जोडावर दाब देतो, त्या दाबाने ब्रेक ऑइल दाबलं जातं आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. वायर नाही, बॅटरी नाही, त्यामुळे खाऱ्या पाण्यात उतरवायला सोयीचं. ऐकायला छान आहे. पण तो लोखंडी दांड्यावर चालतो. दोराने ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलीवर त्याचा शून्य उपयोग, कारण दोर दाबला जातच नाही. तुमची ट्रॉली फक्त ट्रॅक्टरला दांड्याने जोडून जाणार असेल तरच त्याचा विचार करा. तेव्हाही मागे घेताना जोड दाबला जाऊन ब्रेक उगाच लागतो, म्हणून त्याला लॉक हवं.

दोराच्या ट्रॉलीला ब्रेक ट्रॉलीवरच हवा, आणि तो लावणारा माणूसही ट्रॉलीवरच हवा. पर्याय असे:

एक, जुन्या ट्रकचा अॅक्सल घेतलाच आहे तर त्याचे ड्रम काढून टाकू नका. बरेच जण वजन कमी करायला काढतात. ड्रम ठेवा, नवीन लायनर बसवा आणि फिरवायच्या चाकाने आवळला जाणारा यांत्रिक ब्रेक करून घ्या. हळूहळू आवळता येतो, आवळलेला तसाच राहतो. माझं मत विचाराल तर नवीन मंडळाने हाच घ्यावा.

दोन, ऑइलचा ब्रेक. पायाला हलका, पण एक पाइप फुटला की सगळं गेलं. सोबत वेगळा हँडब्रेक असेल तरच घ्या.

तीन, मोठ्या ट्रकसारखा हवेचा स्प्रिंग ब्रेक. यात हवा गेली की ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. सगळ्यात सुरक्षित, पण टाकी, कॉम्प्रेसर आणि ते सांभाळणारा माणूस लागतो.

कुठलाही घ्या, दोन्ही बाजूंची चाकं सारखी धरली पाहिजेत. एकच धरलं तर ट्रॉली तिरकी फिरते. आणि ब्रेक झटक्याने धरणारा नको. मूर्ती उंच असते, वजन वर असतं, पायाशी ती नाजूक असते. रस्त्यावर खडूने रेघ मारा, वाळूच्या गोण्या भरून ट्रॉली चालवा, थांबवा, मोजा. हे आगमनाच्या आधी करायचं, आगमनाच्या दिवशी नाही.

ब्रेक असला तरी दुसरी सोय हवीच. जळगावचा श्रीराम रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो. तिथे चाकाखाली लाकडी मोगरी लावून रथ थांबवतात आणि वळवतातही. मोगरी लावणं हे तिथे मानाचं काम आहे, सराव असलेल्या माणसांचं. आपल्याकडे पाचर ज्याच्या हाती सापडेल त्याला देतात. तसं नको. मागच्या प्रत्येक चाकाला एक ठरलेला माणूस, लांब दांड्याची पाचर, आणि तो चाकाच्या बाजूने चालणार, कधीच पुढून नाही.

तिसरी सोय फुकटची आहे: मागचा दोर. दोर फक्त ओढतो ना, मग रोखायला तो मागे बांधा. दहा दमदार कार्यकर्ते मागून टेकून राहिले तर साध्या उतारावर २०० किलोचा रोध सहज देतात.

पुलांबद्दल. आपल्या भागातले करी रोड, चिंचपोकळी, भायखळा हे रेल्वेवरचे जुने पूल. पालिका दरवर्षी सूचना काढते: यांच्यावर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार नको, पुलावर थांबू नका, नाचू नका. आपल्या ५ टनांत २०० माणसं मिळवा, माणशी ६० किलो धरले तर १७ टन झाले. म्हणजे गर्दी पुलाआधी थांबवून ट्रॉली मोजक्या माणसांनी पार करायची. ब्रेकच्या दृष्टीनेही तेच सोयीचं, समोर रस्ता मोकळा मिळतो.

ब्रेकवाल्याला मूर्तीमुळे पुढचं दिसत नाही आणि ढोल-ताशात शिट्टी ऐकू येत नाही. पुढे एक माणूस लाल झेंडा घेऊन आणि रात्री टॉर्च घेऊन ठेवा. झेंडा वर म्हणजे थांबा, चर्चा नाही. पुढच्या चाकांसमोर जमिनीलगत लोखंडी आडवा दांडा लावा, पडलेला माणूस चाकाखाली जाण्याआधी बाजूला ढकलला जाईल. शेवटचा ओढणारा आणि ट्रॉली यांत पाच मीटर अंतर. त्यात लहान मूल नाही, सेल्फी नाही.

मग चौपाटी. वाळूत पालिका लोखंडी प्लेटा टाकते, त्या सोडून चाक बाहेर गेलं की रुतलं. आणि समुद्र वाट बघत नाही. २०२५ साली लालबागचा राजा ७ सप्टेंबरला सकाळी गिरगाव चौपाटीवर आला आणि भरतीमुळे, नव्या तराफ्यावर मूर्ती चढवता येईना म्हणून, विसर्जन रात्री नऊच्या सुमारास झालं. एवढ्या अनुभवी मंडळाला बारा तास थांबावं लागतं, तर आपण भरतीची वेळ बघूनच मिरवणूक काढलेली बरी. मुंबईत भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तास असतात.

घरी आल्यावर ट्रॉली तशीच लावून झोपू नका, हे बोटवाल्यांचं दुसरं शहाणपण. खारं पाणी ड्रममध्ये शिरलं की वर्षभरात लायनर चिकटतो, बेअरिंग गंजतं. दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्याने धुवा, हब उघडून ग्रीस बदला, आणि ब्रेक सैल करून, चाकांना ठोकळे लावून ठेवा.

१८९३ पासूनची गिरगावची केशवजी नाईक चाळ आजही लहान मूर्ती पालखीतून नेते. पालखीला ब्रेक लागत नाही. आपण मूर्ती मोठी केली, तर ती थांबवायची जबाबदारीही आपलीच. बजेटची बैठक असेल तेव्हा लायटिंगच्या आधी ब्रेकचा खर्च लिहा. वर्गणी देणाऱ्याला तो दिसणार नाही, पण त्याचा मुलगा दोराला असतो.

तुमच्या ट्रॉलीचं काही अडत असेल तर अॅक्सलचा फोटो आणि अंदाजे वजन पाठवा, पुढच्या एखाद्या भागात बोलू. गणपती बाप्पा मोरया!