छात्राध्यापकांचे पहिले दिवस

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपल्या शिंपी ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात सांगली येथे केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली आणि ती आम्ही संकोचानेच शिरोधार्य मानली. आम्ही जुन्या अकरावीचे, १९७५ सालचे मॅट्रिक. त्यापुढे अध्यापक विद्यालयातील दोन वर्षे आणि मग निवृत्तीपर्यंत प्राथमिक शाळा, एवढीच आमची शिदोरी. विद्वत्तेचे बोल आमच्या मुखातून निघावयाचे नाहीत. परंतु आज ज्यांना येथे नारळ व शाल मिळाली, त्यांपैकी काही मुलामुलींनी शिक्षक होण्यासाठी प्रवेश घेतला आहे असे समजले. त्यांच्याविषयीच बोलावयाचे आहे. आणि त्यात आमचा एक अपराधही सांगावयाचा आहे.

आपले मंडळ दोन जिल्ह्यांचे आहे. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. सोयरिकी मात्र कोणी वाटून घेतल्या नाहीत. या मुलखाला शिक्षक घडविण्याची परंपरा थोर आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ सालचा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. त्यांनीही अहमदनगरास मिस फॅरार व पुण्यास मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे आमच्या भाषेत त्याही एके काळी छात्राध्यापिकाच होत्या. शाळेच्या वाटेवर अंगावर शेणचिखल पडे, म्हणून त्या जवळ दुसरे लुगडे बाळगीत, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ साली साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. खेड्याला शाळा द्यावयाची तर खेड्यातलाच शिक्षक तयार केला पाहिजे, हा त्यामागील विचार. या थोरांच्या तसबिरी आम्ही भिंतीवर लावतो, हारही घालतो. परंतु शिकाऊ शिक्षक संध्याकाळी खोलीवर परततो तेव्हा त्याची अवस्था काय असते, हे कोणी विचारीत नाही.

आमचीच हकीकत सांगतो. आमचे वडील कोरेगाव तालुक्यातील एका गावी पायमशीन चालवीत. शिलाई बहुधा उधारीवर, आणि सुगीला मिळेल तेवढी ज्वारी. मुलगा गुरुजी होणार म्हणून त्यांनी रात्री जागून आम्हांस पांढरा लेंगा व नेहरू शर्ट शिवून दिला. साताऱ्यास चौघांत मिळून एक खोली होती. भाकरीचा डबा एस. टी.ने येई, गाडी चुकली की त्या दिवशी चुरमुरे.

पहिला सराव पाठ चौथीच्या वर्गावर, इतिहासाचा, विषय गडकोट. हर्बार्ट नावाच्या जर्मन पंडिताच्या पायऱ्या आम्हांस पाठ होत्या. (मूळ पायऱ्या चार, पाच केल्या त्याच्या शिष्यांनी, हे पुढे कधीतरी वाचले. शिष्य असेच असतात.) टाचण सहा पाने झाले होते. रात्री दोनपर्यंत जागून कार्डशीटवर किल्ल्याचे चित्र रंगविले. तट, बुरूज, वर भगवा. वर्गात ते मोठ्या ऐटीने उलगडले आणि विचारले, ‘‘हे काय आहे?’’ पहिल्या बाकावरील पोराने खिडकीकडे बोट केले. ‘‘गुरुजी, खरा तिकडं हाय की!’’ खिडकीतून अजिंक्यतारा स्वच्छ दिसत होता. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना आम्ही किल्ल्याचे चित्र दाखवीत होतो.

वर्ग हसला तो आवरेना. तास ३५ मिनिटांचा, आणि आमची सहा पाने चौदाव्या मिनिटालाच संपली. उरलेला वेळ कसा गेला, ते नीट आठवत नाही. खडू हातात मोडत राहिलो, एवढे खरे. मागे बसलेले निरीक्षक वहीत लाल शाईने दोन ओळी लिहून निघून गेले. ‘फलकलेखन उतरते. वर्गनियंत्रण नाही.’ दोन्ही शेरे यथार्थ होते. पण फळ्यावरील ओळ सरळ कशी ठेवावी, हे त्यात नव्हते.

असे तीन आठवडे गेले. दिवसा पाठ व दुसऱ्यांच्या पाठांचे निरीक्षण, रात्री टाचण व तक्ते. घसा बसला, पोटऱ्या भरून आल्या. अंगमेहनत आम्हांस नवी नव्हती; सुट्टीत शेतावर रोजाने गेलेले आम्ही. पण हा शीण निराळा. झोपेतही वर्ग हसत असे. एका शनिवारी पत्र्याची ट्रंक उचलून आम्ही एस. टी. स्टँडावर जाऊन बसलो. कोरेगावची गाडी आली आणि गेली. आम्ही चढलो नाही. घरी जाऊन वडिलांना काय सांगावे, हे सुचेना म्हणून. ट्रंक घेऊन खोलीवर परतलो. यात धैर्य कसलेही नव्हते.

सोमवारी त्या चौथीच्या वर्गाच्या वयस्क गुरुजींनी मधल्या सुट्टीत हाक मारली, ‘‘बसा, गुरुजी.’’ आम्हांस कोणी मोठ्या माणसाने गुरुजी म्हणण्याची ती पहिली वेळ. आपल्या चहातला अर्धा बशीत ओतून त्यांनी पुढे केला आणि म्हणाले, ‘‘तुम्ही टाचणाला शिकवता, पोरांना नाही. उद्या अर्धेच लिहून आणा. बाकीचा वेळ पोरांना बोलू द्या. तासाआधी पाणी प्या, आणि फळ्यावर लिहिताना पाय सरकवीत चला, म्हणजे ओळ उतरणार नाही.’’ दुसऱ्या दिवशी ते स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले. तास झाल्यावर एकच गोष्ट चांगली सांगितली आणि एकच चुकलेली. असे ते आठवडाभर करीत होते. शीण गेला नाही, पण सोसवू लागला.

हा शीण कशाचा, ते आपल्या ज्ञातीला निराळे सांगावयास नको. पायमशीनवर नवशिका बसला की पाय, हात आणि नजर यांचे तीन ठिकाणी तीन कारभार चालतात. दोरा तुटतो, शिवण वाकडी जाते, तासाभरात पोटऱ्या दुखू लागतात. कारागीर त्याच मशीनवर दिवसभर गप्पा मारीत शिवतो. वर्गाचेही तसेच. विषय, फळा, घड्याळ, चाळीस चेहरे आणि मागे बसलेला निरीक्षक, या साऱ्यांकडे नव्या शिक्षकास मुद्दाम लक्ष द्यावे लागते. म्हणून तो थकतो. त्याला मात्र वाटते की आपण नालायक आहो.

हे सारे भोगूनही आम्ही काय केले, ते आता सांगतो. २००७ सालची गोष्ट. आम्ही सांगली जिल्ह्यातील एका शाळेचे मुख्याध्यापक होतो. शिक्षकाची एक जागा रिकामी होती. छात्रसेवाकालासाठी पाच छात्राध्यापिका आल्या. त्यांतील एक आपल्याच ज्ञातीची, हुशार आणि अबोल. तिला आम्ही दुसरीचा वर्ग पूर्ण दिवसासाठी सोपवून टाकला आणि स्वतः पोषण आहाराचा हिशेब व वरिष्ठांची पत्रके यांत बुडून गेलो. ४१ मुले होती. ती रोज दाराशी येऊन विचारी, ‘‘सर, आज पाठ बघायला याल?’’ आम्ही म्हणावे, ‘‘उद्या नक्की.’’ दुसऱ्या आठवड्यात तिचा आवाज बसला, तेव्हा ज्येष्ठमधाचा तुकडा चघळावयास सांगितला आणि पुन्हा कागदांत डोके घातले. अखेरच्या दिवशी तिच्या सर्व पाठांच्या निरीक्षणपत्रांवर एका बैठकीत सह्या केल्या. गुणही चांगले दिले. एकही पाठ पाहिला नव्हता.

पाचसहा वर्षांनी ती एका लग्नात भेटली. तिने शिक्षकी पेशा धरला नाही. सासरच्या दुकानात ब्लाउज शिवते, असे म्हणाली. राग नव्हता. जेवताना सहज विचारल्यासारखे तिने विचारले, ‘‘सर, माझा एखादा तरी पाठ तुम्ही बघितला होता का? मला कधीच कळलं नाही, मी बरी शिकवत होते की वाईट.’’ आम्ही खरे ते सांगितले. तिने मान हलवली आणि मुलाला घास भरवू लागली.

ती शिक्षिका झाली असती की नाही, कोण जाणे. आमच्या एकट्यामुळे झाली नाही असे म्हणणे हाही एक अहंकारच. परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम आमचे होते, आणि ते आम्ही केले नाही.

आजची वाट तर अधिक लांबची आहे. पदविका झाली तरी २०१३ पासून पात्रता परीक्षा आहे, तीनंतर अभियोग्यता चाचणी आहे. नेमणूक मिळालीच तर आधी तीन वर्षे शिक्षणसेवक. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली १६,००० रुपये झाले. २००० साली योजना निघाली तेव्हा ते ३,००० होते. या कारभारावर आम्हांला बरेच बोलता येईल, पण ते बदलणे या सभेच्या हाती नाही. अर्धी बशी चहा तेवढा आपल्या हाती आहे.

आपल्या ज्ञातीत सेवानिवृत्त शिक्षक दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचा वेळ जाता जात नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. जो मुलगा वा मुलगी सराव पाठासाठी आपल्या गावी येईल, तिला आठवड्यातून एकदा घरी जेवावयास बोलवावे. मुख्याध्यापकांची परवानगी काढून मागच्या बाकावर जाऊन बसावे. पाठ झाल्यावर एक चांगले सांगावे, एक चुकलेले. आपल्या काळी मुले किती शिस्तीची होती, हे पुराण मात्र लावू नये. आमच्या वर्गातही मुले हसलीच होती. मुलीच्या आईवडिलांनाही एक विनंती आहे. पाठाच्या दिवसांत तिच्याकडून सकाळचा स्वयंपाक करवून घेऊ नये. टाचण रात्री अकराला संपते.

चिटणिसांनी दाराजवळ एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर यंदा छात्रसेवाकालास जाणाऱ्यांनी नाव व गाव लिहावे, उजव्या पानावर जाऊन बसण्यास तयार असलेल्या निवृत्त गुरुजींनी आणि बाईंनी. उजव्या पानावर आमचे नाव आम्ही सकाळीच लिहिले आहे. मघाशी पाहिले तेव्हा त्याखाली दुसरे नव्हते. पंगत बसावयास अजून अवकाश आहे.