संदर्भसूचीत बाईची जागा कुठे?

(भोसरी येथे कार्यकर्त्या व समाजकार्याच्या विद्यार्थिनी यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय संदर्भसूची आहे म्हटल्यावर काहीजणी हसलात. कंपनीच्या गेटवरचे प्रश्न सोडून स्वल्पविराम कुठे द्यायचा, हे काय शिकायचे? एमएसडब्ल्यू करताना मलाही असेच वाटे. प्रबंधाची सूची मी शेवटच्या रात्री उरकली. पुस्तके, सरकारी अहवाल, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, सगळे अकारविल्हे बसले. पण चाकण परिसरातल्या ज्या बायकांनी शिफ्ट सुटल्यावर, पोरांना बाजूला बसवून मला दोन-दोन तास दिले, त्या कुठेच नव्हत्या. ‘एका कामगार स्त्रीच्या मते’ एवढेच मी लिहिले होते. पुढे एका बैठकीत मी तो मजकूर वाचला, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी विचारले, “हे कशावरून?” माझ्या वहीत तारखासुद्धा नव्हत्या. बायका खरे बोलल्या होत्या. त्यांचे बोलणे लटके पडले ते माझ्या हलगर्जीपणामुळे.

ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्याची बाजू घेतली. मग पुस्तक विस्मरणात गेले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. नाव, गाव, साल छापलेले होते म्हणून आज आपण ठामपणे म्हणू शकतो की हे ताराबाईंनी, तेव्हा लिहिले. ज्या बायकांची अशी नोंद राहिली नाही, त्यांना आपण कुठे शोधणार?

आता नियम पाहू. आपल्याकडे समाजशास्त्रांत अमेरिकेतली एपीए पद्धत बरीच चालते. वाचकाला शोधून मिळणार नाही असे खासगी बोलणे मजकुरात सांगा, सूचीत घालू नका, असे ती म्हणते. यामागे कारण आहे, कारण सूची वाचकाला मुळापर्यंत नेण्यासाठी असते. पण परिणाम काय होतो? कंपनीचे छापील म्हणणे सूचीत, बाईचे तोंडी म्हणणे बाहेर. शिवाय नावाचे फक्त आद्याक्षर. ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या पुस्तकाची नोंद ‘पवार, उ., व मून, मी.’ अशी होते. ऊर्मिला आणि मीनाक्षी या दोन स्त्रिया त्यात दिसतच नाहीत. हे नियम माणसांनीच केलेले आहेत, ते बदलतात. कॅनडातल्या क्री जमातीच्या ग्रंथपाल लोरिसा मॅक्लाऊड यांनी २०२१ साली आदिवासी वडीलधाऱ्यांचे तोंडी ज्ञान सूचीत नावानिशी नोंदवण्याचा नमुना मांडला.

आपण काय करायचे? विद्यापीठाची पद्धत पाळा, पण मुलाखतींची वेगळी यादी परिशिष्टात द्या. त्यात क्रमांक, तारीख, परिसर, कामाचे स्वरूप, मुलाखत कोणी घेतली आणि नोंद कुठे ठेवली आहे, एवढे असावे. नाव द्यायचे का, हे त्या बाईला विचारा. कंत्राटी बाईचे नाव छापून तिची नोकरी जाणार असेल तर आपल्या शिस्तीचा काय उपयोग? आणि नुसते नाव गाळून भागत नाही. लाईनवर चारच बायका असतील, तर वय आणि विभाग लिहिणे म्हणजे सुपरवायझरला नावच सांगणे. अशा वेळी तपशील सैल करा आणि खऱ्या नावांची वही कुलपात ठेवा. नाव द्या असे जी आग्रहाने म्हणते, तिचे मात्र पूर्ण नाव द्या.

दुसरे, आपली पत्रके. आपण वस्तीत फिरून माहिती गोळा करतो, पत्रकावर ना साल घालतो, ना संघटनेचा पत्ता. मग तीच माहिती दुसऱ्याच्या अहवालात आपल्या उल्लेखाशिवाय येते आणि आपण चिडतो. चिडणे योग्यच आहे. पण उल्लेख करता येईल असे आपण काही छापले होते का?

आज घरी गेल्यावर जुन्या वह्या काढा आणि आठवतील त्या तारखा घाला. जिने आपल्याला सांगितले, तिचे ऋण मान्य करण्याची सुरुवात तिथूनच होते.