पायाला विचारून बूट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पोटापाण्यासाठी आपण मुलूख सोडला. भाषा बदलली, हवापाणी बदलले. पाय मात्र तेच राहिले. आपल्यापैकी कित्येक जण आता पहाटे धावतात आणि गुडघा दुखला की वयाला दोष देतात. त्याआधी बुटांची चौकशी करावी, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

ओल्या पावलाचा ठसा पाहून सपाट पायास अमुक आणि उंच कमानीस तमुक बूट द्यावा, असे सांगण्याची पद्धत आहे. अमेरिकेत लष्करी प्रशिक्षणार्थींवर हा प्रयोग झाला. २००९ व २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा रीतीने बूट दिल्याने दुखापती लक्षणीय कमी झाल्या नाहीत. तेव्हा ठशापेक्षा पायाच्या सुखाला अधिक मान द्यावा.

खरेदीस सायंकाळी जावे, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतात. धावताना वापरावयाचे मोजे घालून, उभे राहून, दोन्ही पायांचे माप द्यावे आणि मोठ्या पायाचे माप प्रमाण मानावे. सर्वांत लांब बोटापुढे, मग ते अंगठ्याशेजारचे का असेना, अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. चवडा आवळू नये, टाच निसटू नये. दुकानातच थोडे धावून पाहावे. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर चावणारा बूट घेऊ नये. सुमारे ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यानंतर वरून नवा दिसणारा बूटही आतून थकलेला असू शकतो.

मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी मात्र ‘बरे वाटते’ यावर विसंबू नये. त्यांना बूट चावला तरी कळत नाही आणि लहानशी जखमही चिघळते. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा व रोज तळवे पाहावेत.

शेवटी मुलांविषयी. सदरा वाढत्या अंगाचा शिवावा. बूट तसा घेऊ नये. पुढे कापूस कोंबलेल्या बुटात मूल अडखळते. थोरल्याचे झिजलेले बूटही धाकट्यास देऊ नयेत. त्यांच्या तळाला थोरल्याच्या चालीचे वळण पडलेले असते. पाय दुखतो म्हणून मुलाने मैदान सोडले, तर बुटांत वाचविलेले पैसे फार महाग पडतात.

मंडळाने पन्नास वर्षांची वाट चालून दाखविली. पुढची वाट या मुलांच्याच पायांनी चालावयाची आहे. ते पाय आपण जपू या.