इंग्रजी घेऊन पुढे काय?
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बारावीचा निकाल लागला की नाशिक रोडच्या आपल्या अनेक घरांत एकच संवाद ऐकू येतो. मुलगी म्हणते, "मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचे आहे. मला लिहायचे आहे." अब्बा विचारतात, "लिहून पोट भरते का?" या प्रश्नात मुलीची थट्टा नसते, घरातल्या एकुलत्या पगाराची काळजी असते. म्हणून त्याचे उत्तर खरे दिले पाहिजे.

खरे उत्तर असे की, केवळ कथा-कवितांवर संसार चालविणारे फार थोडे. निस्सीम इझिकेल हे इंग्रजीतील मोठे कवी, पण ते महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहीत. त्यांचे 'जेजुरी' १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आले, तरी चरितार्थ मात्र जाहिरातीच्या कामावर चालला. लेखनाला आधार लागतो. तो आधार इंग्रजीची पदवी देऊ शकते, पण आपोआप नव्हे. त्यापुढची पायरी आधीच ठरवावी लागते.

त्या पायऱ्या पाहा. बी.ए.नंतर दोन वर्षांचे बी.एड. केले की शाळेचा मार्ग खुला होतो. एम.ए. आणि बी.एड. असेल तर कनिष्ठ महाविद्यालयात शिकविता येते. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.ला चांगले गुण आणि नेट किंवा सेट परीक्षा हवी. पदवीनंतर तीन वर्षांत वकिली शिकता येते. स्पर्धा परीक्षांनाही बसता येते. वृत्तपत्र, प्रकाशन, जाहिरात, भाषांतर ही कामे आहेतच. सर्जनशील लेखन स्वतंत्रपणे शिकायचे असेल, तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची इंग्रजीतील पदविका नोकरी सांभाळून घरबसल्या करता येते.

आता एक गोष्ट विशेष सांगतो. आपल्या मुलाच्या घरात उर्दू किंवा दखनी, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी असते. याला आपण गोंधळ म्हणतो. ही त्याची दौलत आहे! दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली मराठीत आले. ते जेरी पिंटो यांनी २०१५ मध्ये इंग्रजीत नेले. पुढच्याच वर्षी त्यांनी मलिका अमर शेख यांचे आत्मकथनही इंग्रजीत आणले. आपल्याच नाशिकच्या कुसुमाग्रजांनी शेक्सपिअरचे 'मॅक्बेथ' आणि 'ऑथेल्लो' मराठीत आणले. दोन भाषांत पक्के पाय रोवलेला माणूसच असे काम करू शकतो. आज यंत्रही भाषांतर करते. पण आपल्या अम्मीच्या बोलण्यातली माया की टोमणा, हे ओळखायला माणूसच लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, लेखनाची सुरुवात घराजवळूनच करा. सकाळी स्टेशनवर पंचवटी एक्सप्रेसची वाट पाहणारी माणसे पाहा. "फार गर्दी होती" असे लिहू नका. डबा छातीशी धरून उभा असलेला एक कारकून लिहा. तोच प्रसंग मराठीत लिहा, मग इंग्रजीत लिहा. चुका होतील. शिक्षकांना दाखवा, खोडा आणि पुन्हा लिहा. रोज एक पान पुरे. अब्बांशी वाद घालण्याऐवजी पदवीनंतरच्या पाच वर्षांचा बेत कागदावर मांडून त्यांच्या हाती द्या. तुमचे पहिले उपयोगी लेखन तेच ठरेल.

आणि पालकांनो, तो कागद नीट वाचा. मुलीला घरातला एक कोपरा, वाचनालयाची वर्गणी आणि तीन वर्षांचा विश्वास द्या. लग्नाच्या खर्चासाठी आपण वर्षानुवर्षे पैसा बाजूला ठेवतो. त्यातला थोडा तिच्या पुस्तकांसाठी ठेवला, तर ती स्वतःचे पोट भरेल आणि आपल्या घराची हकीकत दुसऱ्या कुणी सांगण्याची वाट पाहणार नाही.