शस्त्रक्रियेपूर्वीची मसलत

आज पदवीस पात्र ठरलेल्या स्नातकहो,

१९९८ पर्यंत निरनिराळ्या विद्यापीठांच्या दप्तरी विखुरलेल्या वैद्यक, परिचर्या, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, भौतिकोपचार अशा विद्या ज्या विद्यापीठाने नाशिकक्षेत्री एका छत्राखाली आणल्या, त्याच्या मंडपात आपण आज शेजारी शेजारी बसला आहात. हे सान्निध्य समारंभापुरतेच उरू नये, अशी माझी तळमळ आहे, आणि म्हणूनच आज भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाविषयी आपल्याशी बोलावे असे मी ठरविले.

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागेत राबणाऱ्या एखाद्या स्त्रीची कल्पना करा. छातीत गाठ हाताला लागली आहे, परंतु ती दुखत नाही, आणि जे दुखत नाही त्यासाठी छाटणीच्या ऐन हंगामात रोजंदारी बुडविणे तिला परवडत नाही. शिवाय ही गोष्ट घरात कोणाजवळ काढावी याचा संकोच आहेच. अखेर ती तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाते, आणि ते सद्हेतूनेच, जागा बधिर करून, ती गाठ तेथल्या तेथे काढून टाकतात. गाठ गेली म्हणून घरची मंडळी निःश्वास सोडतात. वस्तुतः त्या घटकेला जे गमावले जाते ते पुष्कळदा पुन्हा मिळवता येत नाही. सुईने तुकडा घेऊन आधी निदान झाले असते, तर प्रथम औषधे देऊन गाठ लहान करता येईल काय आणि स्तन वाचविता येईल काय, याचा विचार झाला असता. आता गाठीच्या कडा मोकळ्या होत्या की नव्हत्या, हे सांगणे दुरापास्त. ती नेमकी कोठे होती हे किरणांचा शेक देणाऱ्या तज्ज्ञाला अंदाजाने ठरवावे लागणार. आणि काढलेली गाठ दसपट फॉर्मॅलिनमध्ये न घालता साध्या सलाइनच्या बाटलीतून नातेवाइकांच्या हाती दिली असेल, तर तिच्या पेशींवर संप्रेरकांचे ग्राहक आहेत की नाहीत, या परीक्षेचा निर्णयही भरवशाचा राहत नाही, ज्याच्यावर पुढची पाच-दहा वर्षे घ्यावयाची गोळी अवलंबून असते. या साऱ्या प्रकारात कोणी एक मनुष्य अपराधी नसतो. शल्यविशारद, क्ष-किरणतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ, औषधोपचार करणारा आणि शेक देणारा, हे पाच जण सुरी उचलण्यापूर्वी एकत्र बसले नाहीत, एवढेच घडलेले असते.

अशा मसलतीने प्राण वाचतात, हे अनुमान नव्हे. स्कॉटलंडमधील ग्लासगो परिसरात १९९५ साली स्तनकर्करोगाच्या रुग्णांसाठी बहुशाखीय पथके नेमण्यात आली. त्यापूर्वी तेथील मृत्यूचे प्रमाण शेजारच्या प्रदेशांपेक्षा ११ टक्क्यांनी अधिक होते. नंतर ते त्या प्रदेशांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी झाले, असे सुमारे १४ हजार स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आपल्याकडेही या विचाराची परंपरा आहे. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळांची धुरा वाहिली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर या विकृतिशास्त्रज्ञाने; म्हणजे निदान करणारा तेथे आरंभापासूनच उपचार करणाऱ्यांच्या सोबत होता.

परंतु पथक म्हणजे केवळ तज्ज्ञांचे मंडळ, असे मानू नका. ज्या साली आपले विद्यापीठ स्थापन झाले त्याच साली टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या गरीब वस्त्यांत एक प्रयोग आरंभिला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या, आणि त्यांच्यापैकी निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची स्तनतपासणी दर दोन वर्षांनी, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या व काही आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी, केवळ हातांनी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. वाढलेल्या अवस्थेत रोग सापडण्याचे प्रमाण तपासणी न झालेल्या वस्त्यांत ४७ टक्के, तर तपासणी झालेल्या वस्त्यांत ३७ टक्के होते आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा एकत्रित विचार करता घट १५ टक्के होती व संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती निर्णायक ठरली नाही, हेही आपल्याला सांगितले पाहिजे. तरीही मॅमोग्राफीचे यंत्र जेथे पोहोचत नाही तेथे शिकविलेले हात पोहोचू शकतात, हे त्या सेविकांनी सिद्ध केले. म्हणून परिचर्येच्या स्नातकांनो, मसलतीत आपली खुर्ची मागच्या रांगेत आहे असे समजू नका. तिसऱ्या केमोनंतर केस गळालेली, गाडीभाड्याची तजवीज न झालेली स्त्री पुढच्या तारखेस येणार नाही, हे सर्वांआधी सिस्टरला आणि गावच्या आशाताईला कळते. आणि शस्त्रक्रियेनंतर हाताला चढणारी सूज भौतिकोपचारतज्ज्ञाने वेळीच हाताळली नाही, तर जगलेल्या त्या स्त्रीच्या हातून बागेतले काम मात्र सुटते.

आपल्यापैकी जे सुरगाणा, पेठ, कळवण येथे रुजू होतील, त्यांच्याकडे माझी एवढीच मागणी आहे. पहिल्याच आठवड्यात केंद्रावर फॉर्मॅलिनचा साठा आहे की नाही याची खातरजमा करावी. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विकृतिशास्त्रज्ञाचा आणि शल्यविशारदाचा परिचय करून घेऊन, छातीची कोणतीही गाठ त्यांच्याशी विचारविनिमय झाल्यावाचून कापली जाणार नाही असा आपल्या हद्दीपुरता नियम घालून द्यावा. आणि आशाताईंची बैठक ज्या दिवशी भरते त्या दिवशी तेथे जाऊन बसावे व या महिन्यात कोणती स्त्री आपल्या तारखेस गेली नाही, याची चौकशी करावी.